चौकोनी गाडीचं वजन

वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत एकवीस वर्षं काढली की माणसाचं काय होतं, हे पाहायचं असेल तर काटाताईला पाहावं. दुकानात शिरली की तिची नजर मालावर जायचीच नाही, आधी तराजूवर जायची. घरी कुणी ‘थोडंसं वाढ’ म्हटलं तर ‘थोडंसं म्हणजे किती’ असं ती विचारायची, आणि तेही चेष्टेत नाही, अगदी मनापासून. लग्न तिने केलं नाही. तिचा मोठा भाऊ सगळ्यांना सांगायचा की हिने दोन मुलगे पाहिले आणि दोघेही मापात कमी भरले. काटा हे नावही त्यानेच ठेवलेलं. पुढे शर्यतीतल्या लोकांनी त्याला ‘ताई’ जोडलं आणि तिचं खरं नाव कचेरीच्या हजेरीपटापुरतंच उरलं.

शर्यत म्हणजे कॉम्प्युटरवरची. ज्यांनी ती कधी पाहिली नाही ते हसतात, म्हणून दोन शब्द सांगायला हवेत. प्रत्येक जण आपापल्या घरी बसतो. टेबलाला स्टिअरिंग आवळलेलं असतं, पायाशी पेडलं, समोर पडदा, कानाला हेडफोन. पडद्यावर सगळ्यांना रस्ता एकच दिसतो आणि बाकीच्यांच्या गाड्या दिसतात. दर दुसऱ्या रविवारी दुपारी तीन वाजता अकरा जण असे आपापल्या खोल्यांत बसून एकमेकांच्या मागे धावायचे. त्यांत एक भूगोलाचे मास्तर होते, एक दातांची डॉक्टर होती, एक बेकरीवाला होता, आणि काटाताई नि तिचा दादा ही दोघं भावंडं. संध्याकाळी पाच वाजता सगळे पुन्हा चारचौघांसारखे होऊन भाजी आणायला बाहेर पडायचे.

गाड्या चार प्रकारच्या होत्या. एक लांब नाकाची, एक गोल आणि बुटकी, एक रुंद आणि जड. चौथी म्हणजे चौकोनी. तीसेक वर्षांपूर्वी घरच्या चार माणसांना घेऊन बाजारात जायची तसली, खोक्याच्या आकाराची गाडी. दादाचा जीव तिच्यावर. पहिल्या हंगामात नियम असे काही नव्हतेच. तिसऱ्या शर्यतीपर्यंत झाडून सगळे लांब नाकाच्या गाडीत जाऊन बसले, कारण ती सगळ्यांत वेगवान होती, आणि दादा एकटा चौकोनी घेऊन शेवटून पहिला येत राहिला. ‘सगळ्यांनी एकच गाडी घ्यायची तर मिश्र शर्यत म्हणायचं कशाला,’ असं म्हणून त्याने बहिणीला बोलावलं. चार शनिवार दोघं त्याच्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली. वहिनी चहा देता देता म्हणाल्या होत्या की संसाराला एवढे नियम केले असते तर माझे बरेच कष्ट वाचले असते.

नियमांचा गाभा साधा होता. शर्यत झाली की कुठली गाडी इतरांपेक्षा मंद पडली ते पाहायचं आणि पुढच्या वेळी तिचं वजन पंधरा किलोंनी उतरवायचं. वेगवान गाडीवर तेवढंच वजन चढवायचं. पण माणसाला हात लावायचा नाही. कच्चं चालवणाऱ्याला सवलत नाही आणि पक्कं चालवणाऱ्याला शिक्षा नाही. गाड्या सारख्या करायच्या, माणसं आहेत तशीच ठेवायची. याबाबत दादा फार कडक होता.

आता मंद कोण आहे, गाडी की माणूस, हे ओळखायचं कसं? एक गाडी तीन-चार जण चालवत असतील तर प्रश्न नाही, सगळेच मागे पडले तर दोष गाडीचा. पण एखादी गाडी एकच माणूस चालवत असेल तर? त्यासाठी सातवं कलम होतं. अशा वेळी काटाताईने स्वतः त्या माणसाच्या खोलीत जायचं, त्याच्याच खुर्चीत बसून तीच गाडी त्याच रस्त्यावर चालवायची, आणि दोघांच्या वेळा शेजारी शेजारी मांडायच्या. तिलाच का, याचंही कारण होतं. काटाताई काही फार मोठी चालक नव्हती. सहा वर्षांत एकही शर्यत तिने जिंकली नव्हती. पण कुठल्याही रस्त्यावर, कुठल्याही गाडीत ती दादापेक्षा फेरीला आठ दशांश सेकंद मागे असायची, ना कमी ना जास्त. कचेरीच्या कपाटात एक पितळी वजन असतं, त्याने माल तोलत नाहीत, बाकीची वजनं तेवढी पडताळून पाहतात. ताई तशी होती, आणि याचा तिला लपवता न येणारा अभिमान होता.

यंदाच्या हंगामाच्या सुरुवातीला चौकोनी तिघं जण चालवत होते. एकाला जुळ्या मुली झाल्या आणि तो खेळातूनच उठला. दुसऱ्याला लांब नाकाचा मोह आवरला नाही. उरला दादा. आणि मार्चपासून दादा मागे पडायला लागला.

पहिल्यांदा सगळ्यांनी थट्टा केली. दादाही त्यात सामील होता. बेकरीवाल्याने विचारलं की दादा, गाडीत पाहुणे बसवले आहेत का, तर दादा म्हणाला की सासुरवाडीचे आहेत, उतरायला तयार नाहीत. ताईने शर्यतीच्या वेळांचा तक्ता पाहिला, चौकोनी मंद पडली होती, नियमाप्रमाणे पंधरा किलो उतरवले. पुढच्या शर्यतीत पुन्हा तेच. पुन्हा पंधरा. सातवं कलम तिला पाठ होतं, तिनेच लिहिलं होतं. पण त्या वेळी दादा म्हणाला की आकडे बोलतायत ना, मग तू कशाला तडफडत येतेस एवढ्या लांब, आणि तिने मान डोलावली. तिला यायचंच नव्हतं.

यायचं का नव्हतं, ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. हा खेळ प्रत्येक फेरीची बारीकसारीक नोंद ठेवतो. कोणत्या क्षणी पाय कुठल्या पेडलवर होता, किती जोरात होता, सगळं रेघांमध्ये दिसतं. बाकीचे लोक डाव्या पायाने ब्रेक दाबतात, दादा मात्र खऱ्या गाडीसारखा एकाच उजव्या पायाने वेगही द्यायचा आणि ब्रेकही दाबायचा. वेगाच्या पेडलवरून पाय उचलून ब्रेकवर ठेवायला त्याला पूर्वी दोन दशांश सेकंद लागायचे. आता चार लागत होते. आणि ब्रेकची रेघ, जी पूर्वी भिंतीसारखी उभी चढायची, ती आता उताराच्या रस्त्यासारखी तिरकी झाली होती. ताईने ती रेघ मार्चमध्येच पाहिली होती. पाहिली आणि पडद्यावरची ती खिडकी बंद केली.

त्याच आठवड्यात वहिनींनी फोनवर सहज सांगितलं होतं की ह्यांची उजवी चप्पल हल्ली जिन्यात निसटते, दोनदा खाली जाऊन आणावी लागली, नवीन घ्या म्हटलं तर ऐकत नाहीत. त्या हसत होत्या. ताईही हसली. पण फोन ठेवल्यावर तिला आठवली ती दादाची नोकरी.

कारण दादा पोटासाठी गाडी चालवत नव्हता, क्रेन चालवत होता. सळयांच्या कारखान्यात छताखाली दोन रुळांवर धावणारी क्रेन असते. तिच्या एका टोकाला काचेची केबिन, आणि वर चढायला बत्तीस पायऱ्यांची उभी लोखंडी शिडी. खालची माणसं सळयांच्या मोळीला हूक लावून बाजूला होतात, वरचा ती मोळी उचलून शेडच्या दुसऱ्या टोकाला नेतो. दोन्ही हातांत दांडे असतात आणि उजव्या पायाखाली ब्रेक. दादाला तिथे पंचवीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत त्याने खालच्या कुणाला ओरखडाही येऊ दिला नव्हता. मुकादम नव्या माणसाला सांगायचा की हा वर असला की खाली डोळे मिटून उभं राहिलं तरी चालतं.

तर ताईपुढे प्रश्न एवढाच होता. चौकोनी मंद असेल तर काहीच झालं नाही. चौकोनी मंद नसेल तर दादाचा पाय गेला, आणि पाय गेला म्हणजे क्रेन गेली. हे ठरवायला फक्त दहा फेऱ्यांचं काम होतं, आणि ते तिने पाच शर्यती पुढे ढकललं. दर वेळी तक्ता भरायचा, चौकोनीच्या रकान्यातून पंधरा वजा करायचे आणि स्वतःला सांगायचं की नियम असंच म्हणतो. एकवीस वर्षांत हिने एका दुकानदाराचं पाच ग्रॅम सोडलं नव्हतं. आपल्या भावाचे पंचाहत्तर किलो मात्र तिने बिनबोभाट सोडले.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मास्तरांचा फोन आला. मास्तर सभ्य माणूस, तक्रार करतानाही आधी प्रकृतीची चौकशी करणारे. ते म्हणाले की चौकोनी आता इतकी हलकी झाली आहे की सरळ रस्त्यावर सगळ्यांना मागे टाकते, आणि वळण आलं की तिला थांबता येत नाही, ती आमच्या अंगावर येते. आज त्यांना तिने दोनदा बाहेर ढकललं होतं. दादाने लगेच माफी मागितली, त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. थोडं थांबून त्यांनी विचारलं की सातवं कलम वापरलं का. नाही वापरलं, ती म्हणाली. मग ते वापरावं एवढीच विनंती, असं म्हणून मास्तरांनी फोन ठेवला. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

तिने दादाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, ये शनिवारी, दहा वाजता, मला सुट्टी आहे.

शनिवारी वहिनींनी दार उघडलं. दादा कोपऱ्यातल्या खोलीत आधीच बसला होता. खोली मुळात मुलीची, ती शिकायला दुसरीकडे गेल्यावर दादाने तिच्या अभ्यासाच्या टेबलाला स्टिअरिंग बसवलं होतं. भिंतीवर तिचं वेळापत्रक अजून तसंच चिकटलेलं. पेडलं सरकू नयेत म्हणून त्याने त्यांच्यामागे भिंतीशी एक फळी ठोकली होती. ती फळी नवीन दिसत होती. आधी रबराचा तुकडा पुरायचा, दादा म्हणाला, आता पाय जोरात आपटावा लागतो.

पहिल्या दहा फेऱ्या त्याच्या. ताई मागे पलंगावर बसली. पडद्याकडे पाहायचं असं ठरवून आली होती, पण तिचे डोळे खाली जात राहिले. वळण आलं की दादाचा गुडघा वर यायचा, सबंध मांडी उचलली जायची, आणि मग पाऊल ब्रेकवर पडायचं. घोटा हलतच नव्हता. पाऊल नुसतं लोंबत होतं, आणि ते उचलण्यासाठी तो कमरेपासून जोर लावत होता. मानेवर घाम आला होता. रेघेत तिला जे दिसलं होतं ते हेच, पण रेघेला मान नसते.

त्याच्या उत्तम तीन फेऱ्यांची सरासरी आली एक मिनिट एकोणपन्नास सेकंद सहा दशांश. तिने वहीत लिहिलं. तो उठला. उठताना टेबलाचा आधार घेतला आणि जणू आधार घेतलाच नाही अशा थाटात खुर्ची तिच्यासाठी मागे ओढली.

आता हिशेब उघड होता. ताईने एक मिनिट पन्नास सेकंद चार दशांश केले, म्हणजे नेहमीप्रमाणे आठ दशांश मागे राहिली, तर दादा जसा होता तसाच आहे आणि दोष गाडीचा. ती त्याच्या पुढे गेली तर मात्र गाडीकडे बोट दाखवायला जागा उरत नव्हती.

पहिली फेरी टायर गरम करण्यात गेली. दुसऱ्या फेरीला ती जरा सावरली. गाडी हलकी, चपळ, सांगितलेलं ऐकणारी होती. हिच्यात काही दोष असता तर तिला तो पहिल्या चार वळणांत कळला असता. फेरी संपली तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात आकडा आला, एक अठ्ठेचाळीस चार. दादापेक्षा सव्वा सेकंद पुढे. सहा वर्षांत त्याच्याच गाडीत बसून ती त्याच्या पुढे कधी गेली नव्हती. अशा वेळी माणसाला आनंद होतो म्हणतात. ताईला हातातलं स्टिअरिंग सोडून पळून जावंसं वाटलं.

तिसऱ्या फेरीत तिने ते केलं. मागची मोठी सरळ वाट संपायच्या कितीतरी आधी तिने वेगावरचा पाय हलकेच उचलला. अगदी थोडा. गाडी आपली लोळत वळणावर आली. पुढच्या वळणाला पुन्हा तसंच. असंच करत राहिलं तर सरासरी एक पन्नासवर नीट नेऊन ठेवता येईल, तिने मनात गणित मांडलं. आयुष्यात पहिल्यांदा ती मापात खोट करत होती, आणि हात जराही कापत नव्हते याचं तिला नवल वाटलं.

“पाय उचलू नकोस,” मागून दादा म्हणाला.

“नाही उचलत.”

“मला ऐकू येतंय, काटा. इंजिनचा आवाज पडतोय. पंचवीस वर्षं आवाजावर काढलीत मी. नीट चालव.”

तिने पुढच्या वळणालाही उचलला. तिचे डोळे भरून आले होते आणि पडद्यावरचा रस्ता पुसट व्हायला लागला होता. दादा पलंगावरून उठला, तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणी सायकल शिकवताना तो असाच हात ठेवून मागे धावायचा.

“मला बघायचंय,” तो म्हणाला. “तुला नसेल बघायचं, पण मला बघू दे.”

मग तिने चालवली. उरलेल्या सात फेऱ्या तिने गाडी अशी चालवली की जन्मात कधी चालवली नव्हती, कारण आता खोट ठेवणं हीच त्याच्याशी बेइमानी झाली असती. तो खांद्यावर हात ठेवून उभाच राहिला. वळण जवळ आलं की त्याची बोटं किंचित आवळायची, आणि ती बोटं अजूनही अचूक वेळेला आवळत होती. कुठे ब्रेक दाबायचा हे त्याला तिच्याहून चांगलं माहीत होतं. हातांपर्यंत सगळं शाबूत होतं, खाली काहीतरी पोचत नव्हतं.

सरासरी आली एक अठ्ठेचाळीस एक. ती दीड सेकंद पुढे होती. नेहमी मागे असायची ते आठ दशांश त्यात मिळवले की दोन सेकंद तीन दशांश. रस्त्यावर वळणं बारा. प्रत्येक वळणावर दोन दशांश जात होते, थोडं इकडे तिकडे. बेरीज इतकी बिनचूक जुळली की ताईला त्या आकड्यांची शिसारी आली.

“किती?” दादाने विचारलं.

तिने सांगितलं.

तो पलंगावर बसला. दोन्ही हातांनी उजवा गुडघा धरून त्याने पाय दुसऱ्या पायावर ठेवला आणि पाऊल हलवून पाहिलं. पाऊल हललं नाही. बाहेर कुणीतरी जिना झाडत होतं, तो आवाज सरकत सरकत खाली गेला.

“गाडीचं वजन परत लाव,” तो म्हणाला. “सगळं. मास्तरांना सांग, त्यांचं बरोबर होतं.”

“आधी डॉक्टरकडे जाऊ. मी येते. काहीतरी शीर दबली असेल, औषधाने होतं बरं. कचेरीतल्या एकाचं झालं होतं.”

“जाऊ,” दादा म्हणाला. मग त्याने कारखान्यातलं सांगितलं. गेल्या मंगळवारी शेडमध्ये तो एक मोळी घेऊन चालला होता. खाली हूक लावणारा माणूस नेहमीच्या जागी उभा होता, पाठ करून, डोळे मिटून म्हटलं तरी चालेल असा. दादाने ब्रेक दाबला आणि क्रेन थांबली नाही. म्हणजे थांबली, पण हातभर पुढे जाऊन. मोळी झुलली आणि तिचं टोक त्या माणसाच्या टोपीला लागून गेलं. टोपी खाली पडली. त्याने ती उचलली, वर पाहून हसून हात केला, त्याला वाटलं दादाने गंमत केली.

“आणि बुधवारी पुन्हा चढलास?” ताईने विचारलं.

“चढलो.” तो तिच्याकडे न पाहता बोलत होता. “रागावू नकोस, पण खरं सांगतो. पहिल्यांदा पाय जड वाटला ना, तेव्हाच मी सोडणार होतो. मग तू तक्ता पाठवलास. चौकोनी मंद, पंधरा किलो कमी. मला वाटलं, काटाचा तक्ता आहे, तिच्या हातून चूक होत नाही. गाडीच असणार. पुढच्या खेपेला पुन्हा पंधरा. दर दुसऱ्या सोमवारी मी तो तक्ता बघायचो आणि शिडी चढायचो.”

तिने त्याला सांभाळलं होतं असं तिला वाटत होतं. दोन-अडीच महिने रोज, जड लोखंडाखाली उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्यावर तिने त्याला बसवून ठेवलं होतं. त्या टोपीवाल्याचं नावही तिला माहीत नव्हतं. त्यालाही बहीण असेल.

“मला मार्चमध्येच कळलं होतं, दादा,” ती म्हणाली. “तुझ्या ब्रेकची रेघ बघितली होती मी. मुद्दाम नाही आले.”

तो यावर काय म्हणतो याची ती वाट पाहत राहिली. त्याने ओरडावं, दोन शब्द सुनवावेत, निदान विचारावं की का. त्याने फक्त मान हलवली. त्याला कदाचित आधीच कळलं होतं, किंवा आता त्याने काही फरक पडत नव्हता. मग तो म्हणाला की मोबाइल दे इकडे, टेबलावर आहे.

मुकादमाचा नंबर त्याने स्वतः लावला. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात पुसायचं फडकं तसंच. खोली लहान, त्यामुळे पलीकडचं बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं. दादाने सांगितलं की सोमवारपासून वर दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. मुकादम घाबरला. त्याने विचारलं की काय झालं, ब्रेकचं काम निघालं का, मागच्या महिन्यातच पट्टे बदललेत, तसं असेल तर आजच माणूस बोलावतो.

“क्रेन ठणठणीत आहे,” दादा म्हणाला. “तिला काही झालेलं नाही. माझा पाय उशिरा पडतो.”

वहिनींनी हातातलं फडकं हळूच घडी करायला घेतलं. मग मुकादमाने अगदी खालच्या आवाजात विचारलं की कधीपासून, कारण त्याला ते लिहून द्यावं लागणार होतं.

दादाला नेमकं सांगता येईना. फोन हातात धरून त्याने बहिणीकडे पाहिलं.

काटाताईने वही उघडली नाही. तिला त्याची गरज नव्हती. तिने वहिनींकडे न पाहता मार्चमधली ती तारीख सांगितली, आणि दादाने ती तशीच्या तशी मुकादमाला सांगितली.